बुजवलेलं भोक

डोकं तिचं दुखत होतं आणि अक्कल पाजळत होते बाकीचे सगळे. शेजारीण म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. नणंद म्हणाली, रक्त कमी झालंय, तोंड बघ कसं पांढरंफटक पडलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं मान वर न करताच सांगून टाकलं की या वयात बायकांना असं होतंच, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, डोकं मात्र ठणकायचं ते ठणकायचंच. आणि नवरा? नवरा मिस्त्री होता. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतो अशी त्याची ख्याती होती. बायकोच्या दुखण्यावर तो एवढंच म्हणायचा, "थकलीस तू. किती दिवस ओढणार?"

तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत, आणि हाक मारताना नुसतंच बाई. कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांची ने-आण ती करायची. आधी तीही त्याच कारखान्यात मशीनवर बसून शर्टांना बाह्या जोडायची. कारखान्याची बस चुकली की बायका भर उन्हात पायी निघायच्या, त्यांत तीही असायची. नवऱ्याच्या गॅरेजात कुणा गिऱ्हाइकानं टाकून दिलेली एक व्हॅन धूळ खात पडली होती. "ही मला द्या," ती म्हणाली. मिस्त्री पोट धरून हसला. मग ती हट्टानं गाडी शिकली. शिकताना गॅरेजचं फाटक आडवं केलं, शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीला पोचा पाडला, पण शिकली. पहिल्या दिवशी कारखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं तिला विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?" "तुझ्या डोळ्यांसमोर," असं म्हणून तिनं दार असं आपटलं की तो दचकून मागे सरला. राग तिच्या नाकावरच असायचा. पण गाडीवरचा हात असा हलका, की ब्रेक कधी लागला ते मागे बसलेल्यांना कळायचं नाही.

गाडीत पूर्वी नुसता कलकलाट असे. सासवांची उणीदुणी, सुपरवायझरच्या नकला, हसून हसून ठसके. मग हिवाळा लागला, काचा बंद झाल्या, आणि कारखाना सुटल्यावर गाडी थोडी पुढे गेली की एकेक मान कलायला लागली. थोड्याच दिवसांत सगळ्याच्या सगळ्या बायका झोपू लागल्या. "बाई, तुमच्या गाडीत आईच्या मांडीवर झोपल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या, आणि त्यांनी गाडीचं नावच पाळणा ठेवून टाकलं. बाईला त्याचा कोण अभिमान! आपण चालवतोच अशी, असं ती चारचौघांत सांगायची. सगळ्यांत गाढ झोपायची ती लहानी. नुकतंच लग्न झालेली, पहिलटकरीण, बाईच्या पाठीमागची जागा तिची ठरलेली. उतरताना ती कितीदा तरी रस्त्याच्या कडेला बसून ओकायची. दिवस गेलेत, व्हायचंच, असं सगळ्या म्हणायच्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

इथवर सगळं खपून गेलं असतं. पण एका संध्याकाळी बाई रोजचं वळण विसरली. ज्या रस्त्यानं ती डोळे मिटून गेली असती, तिथे सरळ पुढे निघून गेली आणि नदीच्या पुलावर आल्यावर तिला कळेना की आपण इथे कशा आलो. पुढच्या आठवड्यात एका बाईला तिच्या थांब्यावर न घेताच ती पुढे गेली. तिला दरदरून घाम फुटला. कारण तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते, मग माणसं. शेवटी आईनं तिलाच हात जोडून विचारलं होतं, "तुम्ही कोणाकडच्या?" बाईला मरणाची भीती नव्हती. ही होती. तिनं ती फक्त नवऱ्याला सांगितली.

मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विकून टाकू गाडी. तू घरी आराम कर. मी आहे ना."

जन्मात कधी गोड न बोललेला माणूस इतका गोड बोलला, तेव्हाच खरं तर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. पण ठणकणाऱ्या डोक्यात उजेड कुठून पडणार? ती रडली, आणि नंतर रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

गाडी विकायची तर धुराच्या तपासणीचा दाखला हवा. तपासणीवाल्यानं मागच्या नळीत आपली सळई घातली, यंत्राकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले. "बाई, हे काय जाळताय तुम्ही गाडीत? हिचा सेन्सर मेलाय. तो बदलल्याशिवाय दाखला मिळायचा नाही."

हा सेन्सर म्हणजे बोटाएवढं एक नाक. इंजिनातून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हुंगतं आणि इंजिनाला कळवतं. ते बसवलेलं असतं धुराच्या नळीत, आट्यांवर पिळून. नळी तापते, निवते, वर चिखलपाणी उडतं, आणि आटे असे गंजून धरतात की दोन लोखंडांचं एक होऊन बसतं. हे सगळं बाईला नवऱ्यामुळेच माहीत होतं. आणि सेन्सर आपण हिवाळ्याच्या आधीच बदललाय, हेही तिला नवऱ्यानंच सांगितलं होतं. बदलल्यावर गाडीतला बिघाडाचा पिवळा दिवा कसा विझला, ते त्यानं कौतुकानं दाखवलं होतं.

"यंत्र खोटं असेल त्याचं," मिस्त्री म्हणाला. "बघतो मी सवडीनं."

"आज बघा."

"आज हातात काम आहे."

"माझी गाडी म्हणजे काम नाही?"

"डोकं खाऊ नकोस. सांगितलं ना, बघतो."

त्याची सवड म्हणजे काय ते संसारात तिनं पुरतं ओळखलं होतं. छताचा गळका पत्रा अजून सवडीचीच वाट बघत होता. ती गाडीत बसली, सुट्या भागांच्या दुकानातून नवा सेन्सर घेतला, आणि जिथे पाऊलही टाकायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, तिथेच तिनं गाडी नेऊन उभी केली. धाकट्या दिराकडे.

दिराला सगळी गल्ली सायलेन्सर म्हणायची. एक तर तो धुराच्या नळ्या आणि सायलेन्सर जोडायचा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या स्वतःच्या तोंडाला तो नव्हता. दोघे भाऊ आधी एकाच गॅरेजात होते. मिस्त्रीची रीत अशी, की नट अडला की पान्याला लांब पाईप लावायचा आणि लोंबकायचं. सायलेन्सर म्हणायचा, आधी तापवा, मेण पाजा, मग थोडं पुढे, थोडं मागे. एकदा गिऱ्हाइकासमोर यावरून जुंपली. "लोखंडाचे कसले लाड करतोस?" म्हणत मिस्त्री लोंबकला, आणि नट मुळापासून तुटून तो पाईपासकट जमिनीवर आदळला. गिऱ्हाईक हसलं ते चाललं असतं. पण भाऊ हसला. त्या हसण्यापायी घर फुटलं, गॅरेज फुटलं आणि पुढे दोघांनी एकमेकांच्या दारावरून जायचंही सोडलं.

"या वहिनी! आज सूर्य कुठे उगवला?" सायलेन्सरनं हात पुसत स्वागत केलं. "चहा सांगू? दादाला कळलं तर तुमची धडगत नाही. की त्यानंच पाठवलं? छे, तो मेला तरी पाठवायचा नाही. काय झालंय पाळण्याला?"

"सेन्सर बदलायचा आहे, भाऊजी. आणि बडबड कमी करा, माझं डोकं फुटतंय."

त्यानं व्हॅन खड्ड्यावर घेतली, बॅटरी तोंडात धरून खाली उतरला, आणि गप्प झाला. सायलेन्सर गप्प झाला! बाई वर उभी राहून वाट बघत होती. खालून ठोकण्याचाही आवाज येईना.

"वहिनी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "जरा खाली या. तुम्हीच बघा."

साडीचा पदर खोचून ती खड्ड्यात उतरली. त्यानं बॅटरीचा झोत धुराच्या नळीवर टाकला. सेन्सर असायचा तिथे राखाडी रंगाचा एक लगदा थापलेला होता. पाण्याची टाकी गळायला लागली की दोन पुड्या एकत्र मळून लावतात, तसला. तापून तापून तो तडकला होता, आणि तडकलेल्या फटीभोवती काजळीचा काळा पिसारा पसरला होता.

"गाडीच्या धुराच्या नळीला हा?" ती म्हणाली. "हा टिकतो होय?"

"लावला त्याच दिवशी फुटला असेल." सायलेन्सरनं झोत वर नेला. "आता हे बघा. सेन्सरची वायर इथून तळातून आत जाते. वायर कापून काढली, पण भोकाचं रबरी बूच परत बसवलं नाही." त्यानं पेचकस त्या भोकात घातला, वर ढकलला आणि तिला वर जाऊन बघायला सांगितलं. ड्रायव्हरच्या जागेमागे पायपुसणं उचलल्यासारखं वर आलं होतं. नेमकं लहानीच्या पायाशी.

ती परत खाली आली तेव्हा तो तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"हिवाळ्यापासून."

"सुट्टीच्या दिवशी?"

सुट्टीच्या दिवशी दुखत नव्हतं. कधीच दुखलं नव्हतं. ती ते नवऱ्याला बोललीसुद्धा होती, आणि तो म्हणाला होता, कामाचा कंटाळा, दुसरं काय!

"विसरायला होतं? चक्कर?"

"भाऊजी, मला वाटलं आईसारखं..."

"काही आईसारखं नाही. विष आहे हे. इंजिनाच्या धुरात असतं, दिसत नाही, नाकालाही कळत नाही. डोकं दुखतं, माणूस पेंगतं, रस्ता चुकतं. जास्त झालं तर उठतच नाही. बाकीच्या बायकांना काही होतं?"

"झोपतात त्या," बाई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. एवढे महिने ती छाती फुगवून सांगत आली होती की माझ्या गाडीत बायका कशा पाळण्यात झोपल्यासारख्या झोपतात.

"मिस्त्री लोकांना हे ठाऊक असतं?" तिनं विचारलं.

सायलेन्सर खाली बघत म्हणाला, "वहिनी, हे मला दादानंच शिकवलं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या खड्ड्यात कळलं. राग तिला आयुष्यभर येत आला होता, पण तो उतू जाणारा, वर येऊन सांडून मोकळा होणारा. हा सांडेना. हा आत तसाच उभा राहिला.

"काढा ते," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं छिन्नीनं लगदा खरवडून काढला. खाली सेन्सरचं मोडकं, मधून पोकळ खोड निघालं, कडा घासून घासून पार गोल झालेल्या. "थंडच पिळलंय," तो म्हणाला. "पाईप लावून लोंबकलाय. वरचा तुकडा तुटून हातात आला, खालचा आत राहिला."

"मग काढायला काय लागलं असतं?"

"आच. चांगली लालबुंद आच. त्याच्याकडे तसा गॅसचा दिवा नाही. माझ्याकडे आहे."

"म्हणजे तुमच्याकडे यावं लागलं असतं."

"हो," तो म्हणाला, आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

त्यानं खोडाच्या डोक्यावर एक नवा नट ठेवून वेल्डिंगनं जोडून टाकला. मग भोवतालच्या नळीवर ज्योत धरली. लोखंड तांबूस झालं, नारिंगी झालं. त्यानं आच बाजूला घेतली आणि सांध्यावर मेणबत्ती टेकवली. मेण चर्रकन वितळून आट्यांत शिरलं, पांढरा धूर निघाला. पाना चढवून त्यानं हळूच जोर दिला. हललं नाही. पुन्हा आच, पुन्हा मेण.

"द्या इकडे तो पाना," बाई म्हणाली.

"चटका बसेल."

"द्या म्हणते ना!"

त्यानं चामड्याचे हातमोजे दिले आणि तिनं पाना धरला. तिला तो असा ओढायचा होता की नळी, गाडी, खड्डा, सगळंच उखडून हातात यावं. "ओढू नका," दिरानं तिच्या मनगटाला धरून थांबवलं. "ओढलंत तर तुमचंही दादासारखंच होईल. थोडं मागे. हां. आता थोडं पुढे. करकरलं की थांबायचं." दात-ओठ खात तिनं थोडं मागे, थोडं पुढे केलं. लोखंड किंचाळल्यासारखं करकरलं. तिसऱ्यांदा मेण पाजल्यावर ते केसभर सरकलं, मग आणखी, आणि शेवटी गरमागरम खोड पान्यासकट तिच्या हातात आलं. आट्यांत सगळा गंज भरलेला होता. सायलेन्सरनं आटे नव्यानं पाडून साफ केले, नव्या सेन्सरचे आटे पुन्हा गंजून धरू नयेत म्हणून त्यांना मलम लावलं, टोकाला मात्र लागू दिलं नाही, आणि सेन्सर हातानंच अलगद पिळून मग पान्यानं घट्ट केला. तळातल्या भोकात रबरी बूच बसवलं. पिवळा दिवा विझायचं कारणही सापडलं. मिस्त्रीनं आतला बारका बल्बच काढून टाकला होता.

ती गॅरेजवर पोचली तेव्हा मिस्त्री एका गाडीच्या इंजिनात डोकं घालून उभा होता. बाजूला गिऱ्हाईक मोबाइल बघत बसलं होतं.

"लगदा काढला," ती म्हणाली.

मिस्त्रीचं डोकं वर आलं. पहिला प्रश्न त्यानं काय विचारला असेल? तुझं डोकं कसं आहे? नाही. "त्याच्याकडे गेली होतीस?"

"गेले होते."

"मला न विचारता? त्या हरामखोराला माझी फजिती दाखवायला?"

गिऱ्हाईक मोबाइल खिशात घालून बाहेर सटकलं. शहाणं होतं.

"फजिती?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करू लागली. "मी वेडी होत चालले असं वाटत होतं मला. रोज तुझ्याशेजारी पडून छताकडे बघत आईचं नाव, माझं नाव, आपल्या गल्लीचं नाव मनात म्हणत होते, विसरले तर नाही ना म्हणून. तुला सांगितलं होतं मी ते. आणि तू म्हणालास, गाडी विकू."

"अगं, मला काय ठाऊक धूर आत येतो ते? एवढंसं भोक..."

"तू ही गाडी चालवायचास तेव्हा काचा का उघडायचास?"

तो पुन्हा इंजिनाकडे वळला.

"ऐन थंडीत. मी कुडकुडायचे, काच लावा म्हणायचे, तर तू म्हणायचास, मला हवा लागते. बोल ना. काचा का उघडायचास?"

हातातला पाना त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मी दुरुस्त करणारच होतो," तो शेवटी पुटपुटला. "सवडीनं. आता झालं ना नीट? मग कशाला तमाशा?"

तिला वाटलं होतं ती ओरडेल, काहीतरी फेकेल, शेजारी गोळा होतील. तसं काही झालं नाही. "सकाळी माझ्याबरोबर गाडीत बसायचंस," ती म्हणाली. "बायकांना तू सांगायचंस." आणि ती घरात निघून गेली.

सकाळी तो शेजारच्या सीटवर बसला होता, चावडीवर आणलेल्या चोरासारखा. बायका एकेक थांब्यावर चढत गेल्या आणि त्याला बघून खिदळल्या. "आज मिस्त्री कसे काय पाळण्यात? रडत होते का?" कुणीतरी म्हणालं. शेवटची चढली ती लहानी. नेहमीच्या जागेवर बसली. बाईनं इंजिन बंद केलं, सगळ्या काचा खाली केल्या आणि म्हणाली, "मिस्त्रींना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"थोडी गळती होती," मिस्त्री समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "काढलीय आता. काळजीचं काही नाही."

"मागे वळ. नीट सांग."

तो वळला आणि त्यानं सांगितलं. तुटलेलं खोड, लगदा, बूच, आत येणारा धूर. शब्द तोंडातच चावत होता, पण बाईनं एकही गाळू दिला नाही. आपल्याला हे माहीत होतं, हेही त्याला सांगावं लागलं. मग मागच्या रांगेतली एक बाई त्याला अशी काही बोलली की कारखान्यातही कुणी तसं बोललं नसेल. दुसरी रडायलाच लागली. सगळ्यांचा गलका सुरू झाला.

लहानीनं पाय उचलून सीटवर घेतले होते, खालच्या पायपुसण्यापासून लांब. दोन्ही हात पोटावर होते.

"मिस्त्री," गलका थोडा थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "बाळ कालपासून हललं नाही. सासूबाई म्हणाल्या, झोपलं असेल. झोपलंच असेल ना?"

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं इंजिन सुरू केलं. त्यानं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, गॅरेज उघडायचंय, मी इथूनच चालत जातो.

"बस खाली," बाई म्हणाली. "आपण दवाखान्यात चाललोय. तिथे डॉक्टर विचारतील, कधीपासून हे चाललंय म्हणून. ते तूच सांगायचंस."